ओळ पुस्तकाची, अर्थ माझा

ये, अशी जवळ सरक. तिकडे अकलूजला बसून काय ऐकतेस? दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. संक्रांतीला येते म्हणालीस, तिळगूळ डब्यात मऊ पडला. फोन केला की, "आज्जी, तास आहे, नंतर बोलते." अगं, मास्तरीण झालीस म्हणून काय आज्जीलाही वेळापत्रकात बसवणार? रागावलेली नाही मी. पण रागावल्यासारखं केल्याशिवाय तू ऐकत नाहीस, म्हणून करते. फोनवर मी बोलायला लागले की तू मध्येच हसतेस आणि माझं वाक्य तिथंच राहतं. म्हणून हे वहीत लिहितेय. शेजारची शिलाईवाली लेकीकडून टाइप करून पाठवणार आहे आणि तुझा फोन तुला वाचून दाखवेल.

तुला वाटेल, हे सगळं मला माहीत आहे. नाही. अर्धं माहीत आहे. आणि तू म्हणालीस ना, आवडलं तर वर्गातल्या पोरांना ऐकवीन, तर त्यांना कळायला नको का आपण दोघी कोण ते? म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुझे वडील तुला मोटरसायकलवर मागं बसवून आले होते. तुझ्या मांडीवर केळीचा अख्खा घड. उजनीच्या पाण्याकाठच्या गावाहून एवढं अंतर तो घड धरून आलीस, उतरलीस तेव्हा हात आखडले होते तुझे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की या गल्लीत एक म्हातारी एकटी राहते, मागची खोली रिकामी आहे आणि तिला वाचायचा नाद आहे.

"डोळ्यानं दिसत न्हाय तिला," ते म्हणाले, "पण डोकं लई चालतंय. बीए झाली. आता एमए करायचं म्हनतीया. आधी एक मैत्रीण वाचून दाखवायची, तिचं लगीन झालं. तुमी वाचता न्हवं?"

"वाचते की," मी म्हणाले.

काय वाचायचं आहे, ते मी विचारलंच नाही. चौथी शिकलेल्या बाईनं विचारायला हवं होतं. तू पिशवीतून ते पुस्तक काढलंस तेव्हा कळलं. झेरॉक्सची झेरॉक्स, ओळी तिरक्या, कडेला आधीच्या कुणा विद्यार्थ्यानं पेननं खरडलेलं. तुझा फोन स्वच्छ छापील असेल तर वाचायचा, पण या पुस्तकापुढं त्यानं हात टेकले होते. विषय समाजशास्त्र. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीत, फ्रान्समध्ये, नंतर अमेरिकेत काही विद्वान बसून विचार करत होते की गावं सोडून माणसं शहरात आली, कारखाने आले, घड्याळ आलं, तर माणसाचं आतून काय झालं. त्या सगळ्यांना जाड मिशा असणार, असं मी पहिल्याच दिवशी धरून टाकलं.

मी वाचायला कशी शिकले ते तुझ्या पोरांना सांगते. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातून मी लग्न होऊन सोलापुरात, या गल्लीत आले. नवरा गिरणीत. गल्ली सगळी विणकरांची, घरात तेलुगू बोलणारी, बाया विड्या वळणाऱ्या. मीही वळायला शिकले. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं आणि तंबाखू. दुपारी पंधरा-वीस जणी एकीच्या ओसरीवर गोळा व्हायच्या, कारण एकटीनं वळलं की मान मोडते आणि चौघींत वळलं की हात आपोआप चालतो. श्रावणात तिथं पोथी लागायची. मला अक्षरं येत होती, म्हणून पोथी माझ्याकडे आली. आता वाचताना विड्या कशा वळणार? तर प्रत्येकीनं उठताना मूठभर विड्या माझ्या सुपात टाकायच्या. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी मोजलं नव्हतं. संध्याकाळी माझं सूप बाकीच्यांइतकंच भरलेलं असायचं. त्या बायांनी मला शिकवलं असं मी म्हणते ते उगाच नाही. त्यांच्या विड्यांवर शिकले मी.

आणि पोथी वाचायची आमची एक रीत होती. नुसती ओवी वाचून उपयोग नाही, निम्म्या जणींना मराठी जेमतेम. म्हणून दोन ओळी वाचायच्या आणि लगेच अर्थ सांगायचा, गल्लीतलाच दाखला देऊन. मग पुढच्या दोन ओळी. मध्ये "आता हे माझं बरं का" असं कुणी सांगत नाही. त्याच सुरात चालायचं. ऐकणारीला ओवी आणि अर्थ एकच होऊन पोचायचा. तीस वर्षं मी तशी वाचत आले. तुझं पुस्तकही मी तसंच वाचलं. माझी चूक ती हीच.

पण ते दिवस काय होते गं! गल्लीतले माग सुट्टीला बंद असायचे त्या दिवशी आपण रेकॉर्डिंग करायचो, एरवी त्या खटखटाटात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मी भिंतीला टेकून, पुस्तक मांडीवर, फोन उलट्या वाटीवर. तू समोर गुडघे पोटाशी घेऊन.

एकदा पुस्तकात आलं की गावातली माणसं नात्यानं आणि जिव्हाळ्यानं बांधलेली असतात, शहरातली कामापुरती. तू फोन बंद केलास.

"आज्जी, ह्या मानसाला आमच्या गावाला न्यायला पायजे. धरणात गाव गेलं तवा नव्या जागेत नंबरानं प्लॉट दिले. वडील लहान होते. त्यांच्या शेजारी कोण आलं म्हायती हाय? ज्याच्याशी तीन पिढ्या बोलनं न्हवतं, त्यो. आन् माझ्या आईच्या बाळंतपनाला रातभर कोन बसलं? त्याचीच बायको."

"मग लिही की परीक्षेत."

"न्हाय गं. परीक्षेत आपलं काय बी लिहायचं नसतंय. त्यांचं लिहायचं."

हे वाक्य तेव्हा माझ्या एका कानातून गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर पडलं.

मग ती प्रमाणकशून्यता. हा शब्द मी तीन श्वासांत म्हटला होता, आठवतं? समाजाचे रोजचे नेमनियम नाहीसे झाले की माणूस सैरभैर होतो, असं तो फ्रेंच माणूस म्हणतो. मी लगेच भोंग्याचं सांगितलं. आमच्या शहरात गिरणीच्या भोंग्यावर भात शिजायचा, पोरं शाळेला निघायची, म्हाताऱ्या औषध घ्यायच्या. गिरणी बंद झाली आणि भोंगा गेला. माझा नवरा तरीही त्याच वेळेला उठायचा, डबा घेऊन दारात उभा राहायचा आणि मग डबा खाली ठेवून ओट्यावर बसायचा. कुठं जायचं नाही आणि घरात थांबायची सवय नाही. त्या माणसाला काय झालंय ते मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, सासू म्हणाली आळस. परक्या मुलखातल्या, मला कधीही न बघितलेल्या माणसानं त्याला नाव दिलं. त्या दिवशी वाचून झाल्यावर मी पुस्तकाला नमस्कार केला. तुला दिसलं नाही, पण केला.

अलिप्ततेचं प्रकरण आपण थंडीत वाचलं. शहरात माणसाला दिवसभरात एवढे चेहरे दिसतात, एवढे आवाज येतात की प्रत्येकाचं मनाला लावून घेतलं तर तो मोडून पडेल, म्हणून तो मनावर एक साल चढवून घेतो, असं त्या जर्मन विद्वानाचं म्हणणं. मला ते पटलं आणि नाहीही पटलं. आमच्या गल्लीत दोन घरांमध्ये पत्र्याची भिंत. पलीकडच्या घरात नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं की शब्द न् शब्द इकडे. पण दर पाचव्या दिवशी येणारं पाणी नळाला आलं की त्याच बाईच्या शेजारी उभं राहून सगळ्याजणी काय बोलणार? ऊन लई वाढलंय. कुणी काही ऐकलेलंच नसतं. हे सगळं माझ्या मनात होतं, आणि तोवर सहा महिने वाचून वाचून माझ्या जिभेला पुस्तकाचं वळण लागलं होतं. मी ओळ संपवली आणि त्याच सुरात पुढं म्हणून गेले, "परंतु शहरातला माणूस नजर वळवतो ती दरवेळी बेपर्वाईनं नव्हे. दाटीवाटीत दुसऱ्याला थोडी जागा देण्याची ती रीत असते." आणि पुढची ओळ वाचली.

तू ते वाक्य पाठ केलंस.

परीक्षेला दहा दिवस होते. तू वर्गात निबंध सादर करून आलीस, काठी कोपऱ्यात ठेवायची ती दारातच टाकलीस. चहा दिला तो निवून साय धरली.

"आज्जी, एक इचारते. खरं सांग. नजर वळवायचं वाक्य कुनाचं?"

मला कळेचना काय विचारतेस.

"मॅडम म्हनाल्या, कुठल्या पानावर हाय? मी म्हनलं, अलिप्ततेच्या प्रकरणात. त्यांनी तितंच पुस्तक उघडलं. दोनदा वाचलं. म्हनाल्या, हितं न्हाय. विचारवंताच्या तोंडी आपलं वाक्य घालतात का? मागनं कोनतरी हसलं." तू नाक ओढलंस. "आन् म्हनाल्या, पेपरात असं एक जरी सापडलं तर तपासणारा तुझं बाकीचं खरं लिहिल्यालं बी खोटं धरंल."

"माझंच हाय गं ते," मी म्हणाले. "मी नुसता अर्थ सांगितला."

मग जे विचारलंस ते मला अजून ऐकू येतं.

"मग आज्जी, बाकीच्यात कुठलं त्यांचं आन् कुठलं तुझं?"

साठ रेकॉर्डिंग. तुझं सगळं शिक्षण त्यात. दुसऱ्या कुणाला अशी शंका आली असती तर त्यानं पुस्तक उघडून बघितलं असतं. तुला ते करता येणार नव्हतं, आणि म्हणूनच तर तुझ्या वडिलांनी तुला माझ्याकडे आणून सोडलं होतं. नापास झाले तरी चालेल, पुन्हा बसेन, असंही नव्हतं. वडिलांनी दोन वर्षं कबूल केली होती, ती संपत आली होती. आणि मी तुझ्या डोक्यात दोन धान्यं एकत्र ओतून ठेवली होती, एकाच रंगाची.

दुसऱ्या दिवसापासून आपण निवडायला बसलो. माझ्या हातात पुस्तक, फोनमधून माझाच आवाज, आणि प्रत्येक ओळीला बोट. माझं आलं की मी "माझं!" म्हणायचं, तू तुझ्या ठिपक्यांच्या कागदावर टोचून ठेवायचंस. शिलाईवाली शेजारीण गणवेशाचे काज करत ऐकत बसायची. तिची मराठी बाजारातली, पण कान तिखट.

"अक्का," ती एकदम म्हणाली, "हे जर्मन साहेब तुमच्या सासूला कुठं भेटले?"

खरंच, नोकरशाहीच्या प्रकरणात माझी सासू येऊन गेली होती. रेशन कार्डावर नाव चुकलं म्हणून तिला सात खिडक्या फिरवलं होतं, ते सगळं तिथं.

"कार्यालयात मानसापेक्षा कागद मोठा असतो," शेजारीण माझी नक्कल करत म्हणाली. "हे साहेबाचं का तुमचं?"

"साहेबाचं."

"मग साहेब शहाणा हाय. आपल्या ऑफिसात येऊन गेलेला दिसतो."

ती हसली, मी हसले, तू हसली नाहीस. दोन दिवसांत सात रेकॉर्डिंग झाली होती. असं चाललं असतं तर परीक्षा संपून गेली असती आणि आपण निवडतच बसलो असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू हात वर केलास.

"थांब आज्जी. मागं घे." तू परत ऐकलंस. परत. "बांगडी."

"काय?"

"पुस्तक वाचताना तुझी बांगडी गप असतीया. तुझं सुरू झालं की वाजतीया."

नवरा गेल्यावर काचेच्या काढल्या होत्या, पण दोन साध्या धातूच्या मी हातात ठेवल्या होत्या. पुस्तक वाचताना बोट ओळीवर असतं, हात हलत नाही. अर्थ सांगायला लागले की हात उठतो. माणूस हात बांधून अर्थ सांगू शकतो का? आणि फोनच्या त्या बारीकशा माइकनं ते सगळं टिपलं होतं. मला कधी ऐकू आलं नव्हतं. शेजारणीला नाही. तुला आलं. आपण चार ठिकाणी पुस्तकाशी ताडून बघितलं. चारही बरोबर.

"आता मी एकटी करते," तू म्हणालीस. "दुप्पट स्पीडवर लावते. चार दिवसांत हुतंय." आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसलीस. चहा मागितलास.

मी चहाचं आधण ठेवलं, पण मला हसता येईना. कारण जास्तीचं काय घातलं ते बांगडी सांगत होती. गाळलेलं काय, ते कोण सांगणार?

पोथी वाचताना जी ओळ येत नाही ती गिळायची, ही दुसरी रीत. ऐकणारीचा रस मोडू नये म्हणून. तिथं हळदीचं बोट लावून ठेवायचं, म्हणजे नंतर कुणा जाणत्याला विचारता येतं. तुझ्या पुस्तकातही मी तेच केलं होतं. जोडाक्षरांची माळ आली की गिळायची आणि पानाच्या कडेला हळद. जाणतं कोण होतं विचारायला? विचारायचं राहून गेलं.

चहा उकळेपर्यंत मी गप्प राहू शकले असते. तुला कधी कळलं नसतं. परीक्षेत काही यायचं तेवढं आलं असतं, काही सुटलं असतं, आणि तू माझी आभारी राहिली असतीस. मी गॅस बारीक केला.

"ऐक," मी म्हणाले. "घातलंय तसं गाळलंय पण. न आल्याल्या ओळी सोडल्यात मी."

"किती?"

"मोजल्या न्हाईत. हळद लावून ठेवलीया."

मला वाटलं आता तू पिशवी भरशील. तू हात पुढं केलास आणि पुस्तक मागून घेतलंस. पानांच्या कडेवरून बोट फिरवायला लागलीस. जिथं जिथं हळद वाळून जरा खडबडली होती तिथं तुझं बोट थांबत होतं.

"हितं हाय. हितं बी हाय." आणि मग, "आज्जी, माझं पुस्तक तू भाजीसारखं फोडणीला टाकलंस की गं."

तीस-एक जागा निघाल्या. त्या आपण दोघींनी मिळून सोडवल्या. मी एकेक अक्षर फोडून सांगायचं, तू ते जोडून शब्द म्हणायचा आणि मग मला त्याचा अर्थ सांगायचा. उलटं झालं सगळं. मला दिसत होतं पण कळत नव्हतं, तुला कळत होतं पण दिसत नव्हतं. श्रमविभागणीच्या पानावर आलो तेव्हा तूच म्हणालीस, "आज्जी, आपन आत्ता जे करतोय ना, ह्यालाच त्यो सेंद्रिय ऐक्य म्हनतो. सारखी मानसं एकत्र असतात ते येगळं. येगळी मानसं एकमेकांवाचून अडतात म्हनून एकत्र येतात, ते हे."

"सेंद्रिय म्हंजे मला वाटलं खताचं काय तरी."

"तुला हळद लावायला पायजे हुती तितं," तू म्हणालीस.

त्या ओसरीवर प्रत्येक बाई मूठभर विड्या का टाकायची, ते मला त्या पानावर कळलं. मी तोवर त्याला फक्त चांगुलपणा समजत होते. चांगुलपणा तो होताच. पण त्यांना पोथी हवी होती, मला विड्या, आणि त्यात कुणीच कुणावर उपकार केले नव्हते. म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं. आता त्यातल्या निम्म्या जणी नाहीत. आहेत त्यांना मी जाऊन सांगून आले. एक म्हणाली, "अक्का, हे सांगायला एवढं मोठं पुस्तक?"

पेपर झाला. लेखनिक पोरगी बरी मिळाली. अलिप्ततेवर प्रश्न आला आणि तू त्या जर्मनाचं सगळं त्याच्या नावावर लिहिलंस, आणि खाली लिहिलंस की हे प्रकरण मला वाचून दाखवणारी सोलापुरातली एक विडी कामगार स्त्री मात्र असं म्हणते. तोंडी परीक्षेला तू तसंच सांगितलंस तेव्हा मॅडम म्हणाल्या म्हणे, "आता बरोबर. ज्याचं त्याच्यापाशी." त्या मॅडमचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. वर्गात टोकलं नसतं तर तू ते पाठ करून गेली असतीस, पास झालीही असतीस, आणि माझं वाक्य त्या मिशीवाल्याच्या घरी कायमचं राहायला गेलं असतं. मी जन्मभर दुसऱ्यांचं वाचते आहे असंच समजत होते. तू निवडून ठेवलंस तेव्हा मला कळलं की एवढं माझंही होतं.

इथवर तुला माहीत आहे. आता राहिलेलं.

हळदीच्या जागा संपल्यावर मी तुला म्हणाले होते, अजून एक अर्धं पान आहे, ते अवघड होतं म्हणून राहिलं. आणि एका दमात वाचून टाकलं. तू म्हणालीस, "आज्जी, ह्याचा अर्थ न्हाय सांगितलास?" मी म्हणाले, चूल पेटवायची आहे. गॅसवर स्वयंपाक करणारी बाई मी. तुझ्या लक्षात आलं असेल, तू बोलली नाहीस. त्या पानाला हळद नव्हती. ते अवघड नव्हतं. त्यात एकही जोडाक्षर मला अडलं नव्हतं.

ते परात्मतेचं पान. मजूर जे घडवतो ते त्याचं राहत नाही, परकं होतं, आणि मग त्याच्याच समोर उभं राहून त्याच्यावर उलटतं, असं त्यात होतं.

कारखान्यात विड्या द्यायला गेलं की तपासणारा जुडगा उचलायचा, बघायचा आणि नापसंत असतील त्या छाटून बाजूला टाकायचा. माझ्या छाटलेल्या मी कधी कधी पदरात बांधून घरी आणायचे. टाकवत नव्हत्या, हातचं काम होतं. गिरणी बंद पडल्यावर नवरा ओट्यावर बसून त्याच ओढायचा. विकत घ्यावी लागत नाही, म्हणून मलाही बरं वाटायचं. "तुझ्या हातची हाय," म्हणायचा, "बाहेरची घशाला लागती." त्याला छातीनं नेलं. डॉक्टरांनी विड्यांचं नाव घेतलं तेव्हा मी त्यांच्यासमोर हात पदराखाली घेतले. तेव्हापासून हे मी तोंडानं कुणाला सांगितलेलं नाही. विड्या वळायचं सोडलं, पण कारण विचारलं तर मान दुखते म्हणायचे. आणि तुझ्या पुस्तकात ते पान समोर आलं तेव्हा बांगडी तर सोड, माझा श्वाससुद्धा वाजला नाही. "असंच पुढं आहे," म्हणून मी पान उलटलं.

परीक्षेत त्यातलं काही आलं नाही. आलं असतं तरी तुला ते आता येत होतं. पण मी ते पान नंतर एकटीनं बऱ्याचदा वाचलं. आणि एका वाचनाला मला त्यात एक गोष्ट दिसली. तो लिहिणारा कुठंही हाताला दोष देत नाही. हात चांगलाच आहे, काम चांगलंच आहे, असं धरूनच तो पुढं बोलतो. ज्या व्यवस्थेत हाताचं काम हाताकडे राहत नाही, ती कशी बनली, ते तो विचारतो. मी इतकी वर्षं फक्त हातालाच विचारत होते. त्या दिवशी ओट्यावर बसून मी रडले आणि मग भाकऱ्या थापल्या, नेहमीपेक्षा दोन जास्त. शेजारणीला नेऊन दिल्या. तिनं कारण विचारलं नाही. नजर वळवून म्हणाली, ऊन लई वाढलंय.

तर हा त्या पानाचा मी लावलेला अर्थ. त्यात माझं किती आणि त्या माणसाचं किती, ते मला आता एकटीला निवडता येत नाही. कदाचित मला हवं तेच मी त्यात वाचलं असेन. तू आता हे शिकवतेस, तू सांग. चुकलं असेल तर चुकलं म्हण, मी ऐकून घेईन. पण हे फोनवर नको बाई. समोर बसून सांग. सकाळच्या एसटीत बसलीस तर जेवायला इथं. उतरलीस की तिथंच थांब, मी घ्यायला येते. या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या, पण त्याच्या पुढं ढकलू नकोस. लवकर ये.